मान दुखते म्हणून अकोल्याला

हे लिहिते आहे हे आईला अजून सांगितलेलं नाही. सांगितलं तर तिचा पहिला प्रश्न असेल, "नाव टाकलं काय?" नाव टाकलेलं नाही. बाकी सगळं मात्र खरं लिहिते, कारण मला फिट येऊ लागल्या तेव्हा खरं सांगणारं कोणी भेटलं नव्हतं. आताशा मी बरी आहे. बरी म्हणजे गोळी घेते आणि झोपते. पण ज्या पोरींना आज-उद्या कळणार आहे त्यांच्यासाठी, आणि त्यांच्या आयांसाठी तर नक्कीच, हे लिहायलाच हवं.

चपलेचा वास

दहावीत होते. इतिहासाचा तास चालू होता. मला फळा आठवतो, फळ्यावरची सनावळी आठवते आणि त्यानंतर थेट चपलेचा तळवा. कुणीतरी आपली चप्पल काढून माझ्या नाकाला लावली होती. जीभ चावली गेली होती, अंग झोडपून काढल्यासारखं दुखत होतं आणि वर्गातल्या पोरी भिंतीला चिकटून उभ्या होत्या. सगळ्या माझ्याकडे बघत होत्या आणि मी बघितलं की खाली बघत होत्या.

"काय झालं?" मी विचारलं.

"काई नाई वं. चक्कर आली तुले."

चक्कर आलेल्या मुलीकडे कोणी असं बघत नाही. माझा ड्रेस ओला होता. बाकावरची मैत्रीण म्हणाली, पाणी मारलं. पाणी तोंडावर मारतात, एवढं मला कळत होतं.

या आजाराचा मला सगळ्यात जास्त राग कशाचा येत असेल तर याचा. तो होतो मला आणि दिसतो दुसऱ्यांना. माझ्याच अंगावर काय घडलं ते मला लोकांच्या दारात जाऊन विचारावं लागतं आणि लोक आपापल्या स्वभावाप्रमाणे सांगतात. कोणी दया येऊन कमी करून सांगतं, कोणी मजा म्हणून वाढवून. एक म्हणाली तू ओरडलीस, दुसरी म्हणाली तू हसलीस. मी एकेकीला वेगवेगळं गाठून तेच प्रश्न विचारायचे आणि उत्तरं जुळतात का ते बघायचे. ती कधीच जुळली नाहीत. मग मी कोणाचंच खरं मानायचं सोडून दिलं.

अमरावती सोडून

आम्ही बडनेऱ्याच्या नव्या वस्तीत राहतो. बाबा रेल्वेत रुळांच्या कामावर, आई अंगणवाडी सेविका. अमरावती हाकेच्या अंतरावर आणि तिथे डॉक्टरांची काही कमी नाही. तरी बाबांनी अकोल्याचा डॉक्टर धरला. "मोठा डाक्टर हाय, नाव हाय त्याचं," असं ते म्हणाले. खरं कारण मला गाडीत बसल्यावर कळलं. आईनं डब्यातल्या सगळ्यांची तोंडं एकदा नीट बघून घेतली आणि मग माझ्या शेजारी बसली. अमरावतीच्या दवाखान्यात ओळखीचं कोणी भेटलं असतं.

अकोल्याच्या दवाखान्यात बाकावर बसतो न बसतो तोच समोर जुन्या वस्तीतले गादीवाले चाचा, चाची आणि त्यांची मोठी मुलगी रुखसार. आमच्या घरातल्या सगळ्या गाद्या-उशा त्यांच्याच दुकानातल्या. दोन्ही आयांनी एकमेकींना बघितलं. पळायला जागा नव्हती.

"काय भाभी, इकडं कुठं?" आईनंच आधी विचारलं. विचारणारा आधी सुटतो, हे तिला बरोबर ठाऊक.

"रुखसारचं डोकं दुखते. डोळ्याचा नंबर असन म्हनते. तुमी?"

"हिची मान दुखते वं. अभ्यास करू करू."

मेंदूच्या डॉक्टरकडे एक मान घेऊन आलेली आणि एक डोळ्याचा नंबर काढायला. तेवढ्यात कंपाउंडरनं दारातून आवाज दिला, "फिटवाले पेशंट या, फिटवाले!" माझं मनगट आईनं धरलं. समोर रुखसारचं चाचीनं. कोणीच उठलं नाही. कंपाउंडर चिडून आत गेला आणि मग नावानं हाका मारायला लागला, तेव्हा आम्ही एकामागून एक उठलो.

डोक्याला चिकट मलम लावून वायरी जोडल्या. आदल्या रात्री झोपू दिलेलं नव्हतं, त्यामुळे मी तिथेच झोपले. उठले तेव्हा डॉक्टर आईबाबांशी बोलत होते आणि मला वाटलं, माझ्या झोपेत ठरवून टाकलं सगळं. डॉक्टर शांत माणूस. म्हणाले, अपस्मार आहे, लोक मिरगी म्हणतात, फिट म्हणतात, गोळी वेळेवर घेतली तर बहुतेकांचं चांगलं होतं. गाडी चालवायची नाही. विहीर, तलाव, नदी नाही. उंचावर चढायचं नाही. जागरण नाही, उपाशी राहणं नाही. मी मनात म्हटलं, मग आहे काय?

आईनं एकच विचारलं. "डाक्टरसाहेब, हे लग्नाच्या टायमाले सांगा लागते काय?"

"आधी दहावी होऊ द्या," डॉक्टर म्हणाले.

परतीच्या गाडीत आईनं माझा हात आपल्या डोक्यावर ठेवून घेतला. "कोनाले सांगजो नको. माई शपथ हाय तुले." मी हो म्हटलं. शपथ मला घातली होती. तिनं स्वतःला घातली नव्हती, हे नंतर लक्षात आलं.

कांदा

घरी आल्यावर पहिली गोष्ट गेली ती न्हाणीची कडी. मी शाळेतून आले तर दाराला चार भोकं आणि कडी गायब. "गंजली होती," आई म्हणाली. दुसरी गोष्ट म्हणजे जीभ. गोळी घेतली की तोंड उघडायचं, जीभ वर करायची, जीभ बाजूला करायची. मी गोळी वरच्या ओठाच्या आत ठेवायला शिकले.

आणि मग कांदे दिसायला लागले.

फिट आली की कांदा फोडून हुंगवायचा, नाही तर चप्पल, असा आमच्याकडे लोकांचा पक्का समज. बारकी असताना मीही तोच धरून होते. अकरावीत अमरावतीला कॉलेजात जायला लागले तेव्हा माझ्यासोबत बसनं येणाऱ्या मैत्रिणीची पर्स मी पेन शोधायला उघडली तर आत रुमालात बांधलेला कांदा. मला वाटलं, घरून भाजी आणायला सांगितली असेल. पण एकच कांदा कोण आणतं? मग क्लासच्या सरांचा खण खडू घेण्यासाठी उघडला, त्यात कांदा. कोंब फुटलेला. म्हणजे बरेच दिवसांपासूनचा. मग मी मुद्दामच बघायला लागले. कॉलेजजवळ माझी मावशी राहते, तिच्या पर्समध्ये. शेजारच्या काकूंच्या कंबरेच्या पिशवीत. मला शपथ घालून गप्प बसवलं होतं आणि अख्ख्या गावाच्या पिशवीत माझा कांदा फिरत होता.

घरी येऊन आईला धरलं. "तू सगळ्याईले सांगितलं."

"मी फिटचं नावच नाई काढलं," आई म्हणाली. "चक्कर येते म्हनलं."

"चक्करले कांदा कोन ठेवते?"

"ठेवतात लोकं."

"मंग मले काहून शपथ घातली?"

आई कणीक मळायला लागली. ती रागावली असती तर बरं झालं असतं. तिला खरंच वाटत होतं की तिनं काही सांगितलेलं नाही. माझ्या आजाराचं नाव तेवढं तिनं लपवलं होतं. बाकी आजार वाटून टाकला होता.

इथे आयांना सांगते आणि पुढे जाते. कांदा नको, चप्पल नको, तोंडात चमचा तर मुळीच नको. कुशीवर वळवा, डोक्याखाली काहीतरी मऊ ठेवा, जवळ बसा, लवकर थांबली नाही तर दवाखान्यात न्या. आणि पोरीला शुद्ध आली की काय झालं ते तिला सांगा. जसं झालं तसं.

स्कार्फ

दुपारचं मावशीकडे थांबायचं, संध्याकाळी बाबा घ्यायला येतील, अशी व्यवस्था. म्हणजे पहारा. पण मावशी शाळेत शिकवून थकून यायची आणि टीव्हीसमोर घोरायला लागायची. तिची जुनी स्कूटी अंगणात, किल्ली खिळ्याला.

अमरावतीत पोरी गाडीवर कशा जातात हे ज्यांनी पाहिलं नसेल त्यांना सांगते. स्कार्फ डोक्यावरून, तोंडावरून, मानेवरून गुंडाळायचा, फक्त डोळे उघडे. उन्हासाठी म्हणतात. पण एकदा स्कार्फ बांधला की कोणीही कोणीही असू शकतं. बापाच्या शेजारून निघून गेलं तरी बाप वळून बघत नाही.

मी पहिल्यांदा गल्लीत चालवली, मग राजापेठपर्यंत, मग थेट बडनेरा रोडला. खोटं कशाला बोलू, मला इतकं चांगलं आयुष्यात वाटलं नव्हतं. माझ्या अंगावर माझा ताबा नाही असं सगळे मला सांगत होते. डॉक्टर मोठ्या शब्दांत, आई कडी काढून, मैत्रीण कांदा बाळगून. आणि इथे मूठ पिळली की गाडी पळत होती आणि सोडली की थांबत होती. मला ते हवं होतं.

धोका होता हे मला ठाऊक होतं. गोळीनं केस गळत होते, वर्गात डुलक्या लागत होत्या, म्हणून मी गोळ्या चुकवायचे. चुकवल्या की फिट यायची. फिट आली की डॉक्टर गोळी वाढवायचे. वाढलेली गोळी मी आणखी चुकवायचे. हे चक्र मला दिसत नव्हतं असं नाही. मला फक्त कोणाला सांगायचं नव्हतं, कारण सांगितलेली प्रत्येक गोष्ट नंतर कोणाच्या तरी पिशवीत सापडत होती.

बारावीत असताना एकदा गिला वड्याच्या, म्हणजे आमच्याकडच्या दहीवड्याच्या, गाडीजवळ स्कूटी लावली आणि शेजारी एक स्कार्फवाली उभी राहिली. फक्त डोळे दिसत होते. तिनं माझ्याकडे बघितलं आणि हळूच म्हणाली, "मान कशी हाय?"

मी किल्लीला हात घातला. मग आवाज ओळखला. "बरी हाय," मी म्हटलं. "अन् तुह्या डोळ्याचा नंबर?"

आम्ही दोघी इतक्या हसलो की वडेवाला दचकला.

दही

रुखसार माझ्याहून वर्षभरानं मोठी. तिला दोन वर्षांत एकही फिट आली नव्हती, म्हणून घरच्यांनी तिला स्कूटी दिली होती. धाकटी बहीण अलिया, दुसरीतली, तिला शाळेतून घेऊन जुन्या वस्तीत घरी सोडायचं काम तिच्याकडे. आम्ही आठवड्यातून एकदा-दोनदा त्या वड्याच्या गाडीवर भेटायला लागलो. मैत्री म्हणावी तर तशी नव्हती. दोघींकडे एकमेकींचं काहीतरी होतं.

"तू सांगसीन एक दिवस," ती म्हणायची.

"तूच आंदी सांगसीन."

"माहं सांगितलं त मी तुहं सांगन."

एवढं ठरल्यावर मोकळेपणानं बोलता यायचं. तिनं मला सांगितलं की तिनं गोळ्या कधीच्याच बंद केल्या आहेत. "दोन वरीस झाले, एक नाई आली. मंग गोळी कायची? डाक्टरचं दुकान चालावं म्हनून?" मला ते इतकं पटलं की मी घरी जाऊन दोन दिवस एकही गोळी घेतली नाही.

मग ती दुपार. अलिया स्कूटीच्या सीटवर बसलेली, आम्ही दोघी वडा खात उभ्या. रुखसार काहीतरी सांगत होती, तिच्या मामाच्या लग्नाचं, आणि मधेच थांबली. चमचा हवेत. डोळे उघडे पण माझ्यावर नव्हते, कशावरच नव्हते. ओठ चघळल्यासारखे हलायला लागले. डाव्या हाताची बोटं स्कार्फचं टोक चुरगाळत होती, चुरगाळतच होती. चमच्यातलं दही तिच्या कुर्त्यावर सांडलं. मी हाक मारली, दोनदा मारली. मग ती परत आली आणि मामाच्या लग्नाचं पुढे सांगायला लागली, अर्ध्या वाक्यापासून. आणि कुर्त्याकडे बघून म्हणाली, "दही कोनं सांडवलं?"

अकोल्याच्या डॉक्टरांनी आईला विचारलेलं मला आठवलं: पडत नाही पण अशी हरवते का मधेमधे? पाहणारी मी पहिल्यांदाच झाले होते.

रुखसार हात धुवायला गेली. अलिया ताईला बाजी म्हणायची. ती सीटवरून मला म्हणाली, "बाजी को ऐसा होता." अगदी सहज. मग बोट ओठावर ठेवलं. "अम्मी को मत बोलना."

रुखसार आली, किल्ली फिरवली आणि अलियाला मागे बसवून बडनेऱ्याच्या ट्रकांमधून निघून गेली. मी तिच्या मागे गेले. तिच्या घराच्या वळणापर्यंत. माझी मूठ घामानं सरकत होती.

दुसऱ्या दिवशी तिला एकटी गाठून सांगितलं. तिनं स्कार्फ सोडला आणि माझ्याकडे असं बघितलं जसं मी वर्गातल्या पोरींकडे बघितलं होतं.

"खोटं बोलून राहिली तू."

"कायले खोटं बोलू?"

"तुले येते, मले येत नाई, म्हनून. जळते तू." आणि मग, "तू पाह्यलं म्हनते. मले कसं मालूम तू खरं सांगून राहिली?"

हाच प्रश्न मी दोन वर्षं प्रत्येकाला विचारत आले होते. अलियाचं नाव घेतलं असतं तर तिनं कदाचित मानलं असतं. पण ती घरी जाऊन त्या पोरीला बदडून काढेल अशी मला भीती वाटली. म्हणून नाव घेतलं नाही.

गादीघर

आईला सांगावं तर दुसऱ्या दिवशी जुन्या वस्तीत कांदे पोचले असते. बाबांना सांगावं तर तू तिथे काय करत होतीस, हे आधी. आणि काहीही केलं तरी रुखसार माझं सगळं सांगणार, हे नक्की. स्कूटी जाणार, दुपार जाणार, जीभ पुन्हा तपासली जाणार. मी दोन दिवस थांबले. दोन्ही दिवस दुपारी ती पोरगी मागे बसून गेली. तिसऱ्या दिवशी मी चाचांच्या दुकानात गेले.

चाचांच्या भुवयांवरसुद्धा कापूस. एक बाई उशा दाबून दाबून बघत होती. ती जाईल म्हणून उभी राहिले, तर ती जाईना.

"चाचा," मी म्हटलं, "रुखसारच्या डोळ्याचं जरा बोलायचं होतं."

चाचांचा हात थांबला. त्यांनी त्या बाईकडे बघितलं. "नंबर वाढला काय?"

"नाही. म्हणजे हो. औषध बंद केलंय तिनं. डोळ्याचं."

"अच्छा अच्छा. चष्मा लावत नाई पोट्टी."

"चष्मा नाही चाचा, औषध. अकोल्याचं."

बाईनं उशी खाली ठेवली. "डोळ्यात औषध नको टाकू म्हना," ती म्हणाली. "गाजर खाऊ घाला. माह्या जावेच्या पोरीचा नंबर गाजरानं उतरला."

"गाजर चांगलं," चाचा म्हणाले. ते माझ्याकडे बघत नव्हते. त्यांना कळलं होतं की नव्हतं, मला आजही सांगता येत नाही. मला वाटतं कळलं होतं आणि बाई जाईपर्यंत त्यांना ते कळून घ्यायचं नव्हतं. मी पुन्हा एकदा डोळा म्हणून बघितलं, ते पुन्हा चष्मा म्हणाले. बाईनं गाजराचा रस कसा काढायचा ते सांगायला घेतलं. अकोल्याच्या बाकावर दोन आयांनी जे लपवायला शब्द वापरले होते त्या शब्दांनी आता काहीच सांगता येत नव्हतं.

"फिट, चाचा!" मी ओरडले. "फिट आली तिला. गोळ्या बंद आहेत तिच्या. मी समोर होते. आणि मागे अलिया बसते."

कापूस पिंजायची मशीन चालू असती तर बरं झालं असतं. बाईचा हात तोंडावर गेला. चाचांनी एक उशी उचलली, झटकली, परत ठेवली. "घरी जाय बेटा," एवढंच म्हणाले.

त्या बाईनं संध्याकाळपर्यंत जुन्या वस्तीत काय केलं असेल ते सांगायला नको.

गाणं

रुखसार दुसऱ्या दिवशी आमच्या दारात आली. स्कूटी नव्हती. आत आली नाही, उंबऱ्यात उभं राहून आईला सगळं सांगितलं. मावशीची गाडी, बडनेरा रोड, ओठातली गोळी. काही म्हणजे काही सोडलं नाही. "काकू, तुमची पोट्टी लय शहानी हाय," म्हणाली आणि गेली. तिनं शब्द पाळला, असंच म्हणावं लागेल.

मी आईच्या फटक्याची वाट बघत उभी राहिले. आई खाली बसली. मग म्हणाली, "गाडीवर आली असती त?"

"आली नाही ना."

"आली असती त, पोट्टे?"

तिचा आवाज मी आधी कधी असा ऐकला नव्हता. मला रडू आलं आणि राग आला, दोन्ही एकदम. मी म्हटलं, तू कडी काढलीस, तू मला विचारलंस काय? तू सगळ्यांना सांगितलंस, मला विचारलंस काय? गोळीनं केस गळतात, झोप येते, हे तुला कधी सांगू? जीभ वर करून कसं सांगू? आई ऐकत राहिली. तिनं पदरानं नाक पुसलं आणि म्हणाली, "मले भेव वाटते. काय करू?" इतकी साधी गोष्ट तिनं आधी सांगितली असती तर मी थोडी कमी संशयी झाले असते. पण मीही तिला ते कधी विचारलं नव्हतं.

अकोल्याला गेलो तेव्हा डॉक्टरांना मी स्वतः सांगितलं, गोळ्या घेतल्याच नाहीत, वाढवू नका. त्यांनी चष्म्यावरून बघितलं. केसांचं आधी का नाही सांगितलं, विचारलं. मी म्हटलं, तुम्ही कधी विचारलं नाही. त्यांनी गोळी बदलून दिली. ही मानवली. आईनं जीभ बघणं बंद केलं. न्हाणीची कडी अजून लावलेली नाही, पण आमचं ठरलंय की आत मी गाणं म्हणायचं आणि गाणं चालू आहे तोवर कोणी दाराजवळ यायचं नाही. माझा आवाज वाईट आहे. बाबा म्हणतात त्यापेक्षा कडी लावा.

अलिया

रुखसार माझ्याशी बोलेना. रस्त्यात दिसली की रस्ता बदलायची. कुणीतरी सांगितलं की तिला घरी मोठी फिट येऊन गेली, आता गोळ्या चालू आहेत. कुणीतरी सांगितलं की असं काही नाहीच, मीच उठवलं. दोन्ही खरं मानलं नाही.

पाच-सहा महिन्यांनी एका दुपारी ती आली. अलिया सोबत होती. आईनं अलियाला बिस्किटं दिली, चहा ठेवते म्हणून आत गेली आणि नक्कीच दाराआड उभी राहिली. रुखसार खुर्चीच्या कडेवर बसली, तोंडावरचा स्कार्फ न सोडता. मोबाइल मांडीवर उलटा ठेवलेला. मला वाटलं, रेकॉर्ड करते आहे.

"थ्या दिवशी," ती म्हणाली, "मी कशी दिसत होती?"

मी बिस्किटांची बशी अलियाकडे सरकवली.

"अम्मी म्हनते काई नाई, जराशी गुमसुम होते तू. अब्बू उठून जातात. तू पाह्यलं ना. सांग."

"रेकॉर्ड करून राहिली काय?"

तिनं मोबाइल उचलून माझ्या हातात दिला. बंद होता.

मग मी सांगितलं. चमचा, डोळे, ओठ, बोटं, दही. थोडी लाळ आली होती तीही. "करून दाखव," ती म्हणाली. मला ते नको होतं, पण केलं. ओठ हलवले, बोटांनी ओढणीचं टोक चुरगाळलं. ती माझ्या तोंडाकडे टक लावून बघत राहिली. पाहून झाल्यावर म्हणाली, "बस. एवढंच?"

"एवढंच."

"एकदा पाह्यलं अन् तुले पक्कं माईत झालं?"

मी अलियाकडे बघितलं. आता लपवण्यात अर्थ नव्हता. "अलियानं सांगितलं होतं. असं होते म्हणून."

रुखसार सावकाश वळली. "तूने देखा था?"

अलियाच्या तोंडात बिस्किट होतं. तिनं मान हलवली.

"फिर घर में बोली क्यूँ नहीं?"

"तुम गाड़ी पे बिठाती नहीं फिर."

"डर नहीं लगा तेरे को?"

"मैं पकड़ती थी ना पीछे से," अलिया म्हणाली. "तुम गिरती नहीं." आणि कसं ते दाखवायला ती बिस्किट ठेवून उठली, खुर्चीच्या मागून रुखसारला मिठी मारली, गाल तिच्या पाठीला घट्ट दाबला. तिचे हात रुखसारच्या कंबरेभोवती पुरतसुद्धा नव्हते.